घरचा घास आणि आगगाडी

घरच्या साध्या जेवणाची ओढ अनादि कालापासून चालत आली आहे, असे आपण सारेच समजतो. परंतु ठाणे-कल्याणाकडील इतिहास पाहिला असता, अन्न पुरातन असले तरी त्याविषयीचा हा जिव्हाळा त्या मानाने अर्वाचीन आहे, असे आम्हांस वाटते. घरचे अन्न हा प्रथम आचार होता. विसावा तो मागाहून झाला.

1534 च्या तहाने साष्टी बेट पोर्तुगीजांच्या हाती गेले, आणि चिमाजी अप्पांच्या मोहिमेपर्यंत, म्हणजे 1737 पर्यंत, ठाण्यावर त्यांचाच अंमल होता. पाव हा पदार्थ आणि पाव हा शब्द, दोन्ही त्यांच्याच. पण हिंदू गृहस्थाच्या चुलीपाशी त्यास मज्जाव होता. परक्याने भिजविलेली व आंबविलेली कणीक खाणे म्हणजे धर्म बुडविणे, अशी समजूत होती. भाजण्याची कला मात्र आपल्या घरांत नव्हती असे नव्हे. किसलेले तवसे, तांदळाचा रवा आणि गूळ यांचे धोंडस कोकणात खाली विस्तव व झाकणावर निखारे ठेवून भाजीत आले आहेत. तेव्हा अडचण भट्टीची नव्हती, हाताची होती.

पुढे 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास 21 मैलांची पहिली आगगाडी धावली, आणि 1 मे 1854 रोजी तो मार्ग कल्याणास पोहोचला. या मार्गाने माणसे मुंबईस नेली, तशी जेवणारास पानावरून उठविले. कचेरी एका गावी आणि चूल दुसऱ्या गावी, असा संसार सुरू झाला. 1890 च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत घरोघरचे डबे कचेरीत पोहोचविण्याचा धंदा आरंभिला. त्याच्या मुळाशी सोवळ्याओवळ्याचा विचारही होताच. पण पुढे सोवळे सुटले, डबा सुटला नाही. आचार गेल्यावर जे उरले, तीच ही ओढ होय.

या अंतराची परिसीमा कल्याणच्याच एका कन्येने अनुभविली. 31 मार्च 1865 रोजी तेथे जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूर येथील व्याख्यानात, अमेरिकेतही आपला पोशाख व आहार बदलणार नाही, असे जाहीर केले. फिलाडेल्फियाच्या थंडीत, वैद्यकीच्या अभ्यासाचे ओझे वाहत त्यांनी तो शब्द राखला. 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाची 22 वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यात निवर्तल्या. घरचा घास दुसऱ्याने वाढला तर सुख असते. तोच एकटीने परमुलखात राखावयाचा झाला, की व्रत होते.

या सुखाची किंमत कोण देतो, हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही. वालाचे बिरडे हा ठाणे-कल्याणाकडील किती साधा पदार्थ! पण वाल रात्री भिजवावेत, उपसून बांधून मोड आणावेत, मग कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोलावा, तेव्हा ते आमटीस लागतात. खाणाऱ्याचा साधेपणा रांधणारीच्या दोन दिवसांच्या श्रमावर उभा असतो. पहाटेच्या गाडीसाठी भरलेल्या डब्यामागे त्याहूनही आधीची पहाट असते.

दरम्यान भट्टीशी असलेले वैरही मिटले. मैदा, तूप, साखर बेकरीवाल्याकडे नेऊन द्यावी आणि नानकटाईचे डबे भरून घरी आणावेत, ही चाल मध्यमवर्गीय कुटुंबांत रूढ झाली. एके काळी ज्या हाताचा विटाळ होता, त्याच हाताने भाजलेला खाऊ मुलांस घरचा म्हणून दिला जाऊ लागला. आमच्या मते घरपण पदार्थाच्या कुळात नाही; आपल्यासाठी कोणी कष्ट घेतले, या जाणिवेत ते आहे.

आज डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाडीत गृहिणीही उभी असते. पहाटे तिने भरलेल्या डब्यांपैकी एक तिचा स्वतःचाच असतो. घरच्या जेवणाचा गौरव करणाऱ्या वाचकांनी एवढे अवश्य पाहावे की, रात्री ती परतेल तेव्हा गरम भाताचे पान तिच्यासाठी दुसऱ्या कोणी वाढलेले आहे काय. तसे असेल तरच आचाराचा विसावा झाला, असे म्हणता येईल.