जात्यावरची ओवी आणि मांडीवरचे मूल



हरिपाठ तुम्ही कोणाकडून शिकलात? असे विचारले, तर बहुतेकांना पोथी आठवत नाही, माणूस आठवते. आईची मांडी आठवते, नाही तर आजोबांचा खांदा. आपल्या संप्रदायाची पहिली शाळा घरातच भरत आली आहे. त्या शाळेचा थोडा इतिहास आज पाहू.

चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आधी दीडशेहून अधिक वर्षे ओवी आयाबायांच्या तोंडी होती. पुढे शके १२१२ मध्ये माउलींनी गीतेचा अर्थ सांगितला, तो याच ओवीच्या नावाने. लहान मुलालाही उमजेल अशी ही रचना आहे, असे ते स्वतःच ग्रंथाच्या शेवटी म्हणतात.

लहान मुलाला ओवी आधीच ओळखीची कशी? पहाटेच्या काळोखात आई दळायला बसे. तान्हे मूल तिच्या मांडीवर निजलेले असे. खुंटा फिरे, तशी मांडी हले आणि ओवी कानावर पडे. एका ओवीत मुलगा राघू, मुलगी मैना. पुढच्या ओवीत पंढरीचा विठुराया. लेकराचे नाव आणि देवाचे नाव एकाच चालीत येई. त्यामुळे आईची माया आणि विठ्ठलाची माया मुलाला वेगळी शिकावी लागत नसे.

आपल्या संतांनी हे ओळखले होते. मुक्ताबाईंनी वयाने थोर असलेल्या चांगदेवांना उपदेश केला, तोही पाळणा गाऊन, असे परंपरा सांगते. नामदेवरायांच्या घरी आई गोणाई, पत्नी राजाई, मुले नारा, विठा, गोंदा, महादा, लेक लिंबाई या सर्वांच्या नावे अभंग आहेत. ते घरच एक दिंडी होते. त्याच घरच्या जनाबाईंचे म्हणून दाखवले जाणारे जाते गोपाळपुरात आजही आपण पाहतो.

अलीकडचे उदाहरण खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींचे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरात, शेतात त्यांनी गायिलेली गाणी मुलगा सोपानदेव यांनी व आप्तांनी टिपून ठेवली. १९५१ साली आई गेली आणि १९५२ साली ती गाणी पुस्तकरूपाने आली. मुलाने कान दिला, म्हणून आईचा शब्द उरला.

मग गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या. बाईचे कष्ट वाचले, हे फार चांगले झाले. पण जाते थांबले तशी ओवीही थांबली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, म्हणून तो ठेवा वाचला. तरी संग्रहातली ओवी लेकराला मांडीवर घेऊ शकत नाही. ते काम आईबापालाच करावे लागते.

माउली, मीही चुकलो आहे. नातू रडायला लागला की त्याच्या हाती मोबाइल द्यायचो. एकदा वीज गेली, मोबाइल बंद पडला. नाइलाजाने त्याला मांडीवर घेतले आणि आईची एक चाल गुणगुणलो. शब्द अर्धे विसरलो होतो. पोर गप्प झाले, माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी वीज असूनही ते येऊन मांडीवर बसले.

आज निजवताना तुम्हीही गा. आवाज बरा नसला तरी चालेल. मुलाला तो तुमचा आहे, एवढेच कळते. बाबांनी मांडीवर ताल धरावा, आजीने विसरलेली ओवी आठवून सांगावी. आठशे वर्षांहून जुनी ही वाट एका पिढीने गप्प राहिल्याने मोडेल, आणि एका पिढीने गायिल्याने पुढे जाईल.