वर्षानुवर्षे उभी असलेली जुनी पद्मिनी किंवा अँबेसेडर पुन्हा रस्त्यावर कशी आणतात?

नांदेड-लातूरकडे अनेक घरांच्या मागे, शेतातल्या आखाड्यावर किंवा बंद पडलेल्या दुकानाच्या शेडमध्ये एखादी जुनी गाडी धूळ खात उभी असते. कुणाच्या आजोबांनी घेतलेली फियाट, कुणाच्या वडिलांची अँबेसेडर. घरात नवी गाडी आली, जुनी मागे पडली. भंगारवाला चकरा मारतो, पण घरच्यांचं मन होत नाही. मग एक दिवस कुणीतरी ठरवतं, गाडी चालू करायची.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. नवी बॅटरी लावायची, टाकीत पाच लिटर पेट्रोल ओतायचं आणि सेल्फ मारायचा. दहा-पंधरा वर्षं उभ्या असलेल्या गाडीत एवढं केल्याने चांगलं इंजिनही खराब होऊ शकतं. गाडी चालू झालीच, तर ती थांबेल याची खात्री नसते.

कोणत्या आहेत या गाड्या?

सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी सुरू केली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने गाड्या तयार होत. १९६४ मध्ये 'फियाट ११०० डिलाइट' आली. सत्तरच्या दशकात तिचंच नाव 'प्रीमियर पद्मिनी' झालं, तरी लोक तिला फियाटच म्हणत राहिले. तिचं पेट्रोल इंजिन १०८९ सीसीचं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची ओळख याच गाडीने घडवली. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

अँबेसेडर ही पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा इथल्या हिंदुस्तान मोटर्सची. मूळ गाडी ब्रिटनची मॉरिस ऑक्सफर्ड. १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेलं तिचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. तिसरी गाडी म्हणजे डिसेंबर १९८३ मध्ये आलेली मारुती ८००. सुरुवातीच्या मारुतींनाही आता हौशी लोक शोधत असतात.

कार्बोरेटरच्या या पेट्रोल गाड्यांचं तंत्र साधं आहे. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत. म्हणूनच त्या पुन्हा चालू होऊ शकतात.

उभी गाडी खराब का होते?

चालत्या गाडीत ऑइल फिरतं, पाणी फिरतं, रबर हलतं. गाडी थांबली की हे सगळं थांबतं. सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खाली उतरतं आणि रिंगांपाशी गंज धरतो. पेट्रोल उडून जातं आणि मागे राळेसारखा चिकट थर राहतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि आतून सिलिंडर गंजवतं. टायर एकाच जागी दबून चपटे होतात.

यात मराठवाड्याच्या हवेचा वाटा वेगळा. लातूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पत्रा तुलनेने टिकतो, पण होज पाईप, टायर आणि दारांची रबरं तडकतात. काळ्या मातीवर उभ्या गाडीचं दुखणं वेगळं. ही माती पावसाळ्यात महिनोन् महिने ओल धरते आणि गाडी खालून सडते. फियाट आणि अँबेसेडर या दोन्ही गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळाचा पत्राच गाडीचं वजन पेलतो. त्यामुळे सर्वात आधी तळ आणि दारांखालच्या पट्ट्या स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहाव्यात. टोक आरपार जात असेल, तर इंजिनावर खर्च करण्याआधी चांगल्या वेल्डरचं मत घ्यावं.

उंदीर हा आणखी एक शत्रू. शेजारी सोयाबीनची पोती किंवा कडबा रचलेला असेल, तर वायरी कुरतडलेल्या सापडणारच. सायलेन्सरमध्ये आणि कार्बोरेटरच्या तोंडाशी गांधीलमाश्यांची घरं असतात. बॉनेट उघडताना हात घालण्याआधी बॅटरीचा उजेड मारावा. उंदरांमागे सापही येतो.

पहिली पायरी : इंजिन हाताने फिरतंय का?

बॅटरी जोडायच्या आधी सगळे प्लग काढावेत. प्रत्येक भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडावं आणि गाडी एक-दोन दिवस तशीच ठेवावी. मग इंजिन हाताने फिरवून पाहावं. ज्या गाड्यांना पुढून हँडल मारायची सोय आहे, त्यांचं काम सोपं. नसेल तर पुलीच्या नटाला पान्हा लावून, किंवा गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हलकेच पुढे-मागे ढकलून पाहता येतं.

इंजिन जाम असेल तर जोर लावू नये. गंज सोडवणारं ऑइल, किंवा डिझेल आणि ऑइल मिसळून प्लगच्या भोकातून सोडावं आणि रोज थोडं हलवत राहावं. कधी आठवडा लागतो. ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी ओढायची आणि गिअर टाकून इंजिन 'सोडवायचं', हा प्रकार टाळावा. त्यात रिंग तुटते किंवा पिस्टन चिरतो आणि थोडक्यात निभावणारं काम बोअर-पिस्टनपर्यंत जातं.

इंजिन मोकळं फिरलं की जुनं ऑइल काढावं. ते दुधाळ दिसत असेल तर आत पाणी गेलं आहे. हेड पॅकिंग तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. नवीन फिल्टर आणि २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० दर्जाचं साधं ऑइल या इंजिनांना मानवतं. प्लग न लावता थोडा वेळ सेल्फ मारला, की ऑइल सगळीकडे पोचतं. ऑइल प्रेशरचा दिवा विझल्यावरच प्लग लावावेत.

पेट्रोलची टाकी : घाई इथे नको

टाकी खाली उतरवून पूर्ण रिकामी करावी. आत गंज असेल तर साखळीचा तुकडा किंवा बारीक खडी टाकून हलवतात, मग धुऊन वाळवतात. टाकीला भोक असेल तर थेट वेल्डिंग करू नये. रिकाम्या टाकीत उरलेली पेट्रोलची वाफ पेट्रोलपेक्षा धोकादायक असते. ठिणगी पडली की टाकी फुटते. हे काम टाकी नीट धुऊन, वाफ घालवून देणाऱ्या जाणत्या कारागिराकडेच द्यावं.

कार्बोरेटर उघडून जेट साफ करावेत. तार घालून जेटचं भोक मोठं करू नये, हवेचा प्रेशर पुरतो. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा बहुतेक वेळा कडक झालेला असतो, तो बदलावा.

सगळे रबरी पाईप नवीनच टाकावेत आणि ते इथेनॉल चालणारे घ्यावेत. कारण आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. यातलं काही इथेनॉल मराठवाड्याच्याच उसापासून तयार होतं. पण या गाड्या बनल्या तेव्हा असं पेट्रोल नव्हतं. इथेनॉल जुनं रबर मऊ पाडतं आणि पाणी ओढून घेतं. म्हणून कमी चालणाऱ्या गाडीत महिनोन् महिने टाकीभर पेट्रोल ठेवू नये. लागेल तेवढंच भरावं.

करंट आणि बॅटरी

डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करावेत. पॉइंटमधलं अंतर साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आत असतं. नेमकं माप त्या मॉडेलच्या पुस्तिकेत पाहावं. कंडेन्सर स्वस्त असतो, तो बदललेलाच बरा.

गावाकडे बॅटरी उतरली की शेजारच्या वाहनावरून वायर जोडतात. ट्रॅक्टर आणि मोटारी साधारणपणे १२ व्होल्टच्या असतात, मोठे ट्रक २४ व्होल्टचे. ट्रकवरून जोडलं तर वायरिंग आणि बल्ब जळू शकतात. ब्रिटिश बनावटीवर आधारलेल्या काही फार जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. बॅटरी जोडण्याआधी तेही पाहावं. कुरतडलेल्या वायरीला नुसती टेप गुंडाळून भागवू नये. अशा गाड्या जळण्याचं ते एक कारण आहे.

रेडिएटर : बोअरचं पाणी नको

लातूरच्या पाण्याची कहाणी सगळ्या देशाला माहीत आहे. एप्रिल २०१६ मध्ये शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. टंचाईच्या काळात गाड्यांच्या रेडिएटरमध्येही मिळेल ते बोअरचं जड पाणी गेलं. भांड्यावर बसतो तसाच पांढरा क्षार रेडिएटरच्या नळ्यांतही बसतो. नळ्या बुजल्या की चाळिशीपार उन्हात गाडी काही किलोमीटरमध्ये तापते.

रेडिएटर उतरवून साफ करून घ्यावा. इंजिनातलं पाणी स्वच्छ येईपर्यंत काढत राहावं. होज पाईप आणि फॅन बेल्ट नवीन टाकावेत, वॉटर पंप गळतो का पाहावं. मग बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट भरावं.

ब्रेक : इथे काटकसर चालत नाही

गाडी चालू झाल्याच्या आनंदात लोक ती लगेच रस्त्यावर काढतात. खरा धोका इथे आहे. या काळातल्या बऱ्याच गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकला एकच लाइन असते. एका चाकाच्या सिलिंडरमधला रबरी कप फाटला, तरी सगळा दाब निघून जातो आणि पाय थेट तळाला लागतो. अंगणात दोनदा दाबलेला ब्रेक लागला, म्हणजे तो घाटात लागेल असं नाही.

म्हणून मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर आणि रबरी ब्रेक पाईप उघडून पाहावेत. कप सगळे नवीन टाकावेत. आत गंजाचे खड्डे असतील तर सिलिंडरच बदलावा. सगळं जुनं ब्रेक ऑइल काढून टाकावं. ब्रेकमध्ये इंजिन ऑइल कधीही घालू नये, कप फुगतात. हँडब्रेकची केबल सोडवून घ्यावी. मुख्य ब्रेक गेला तर तोच आधार असतो.

टायरची नक्षी चांगली दिसते म्हणून फसू नये. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. १५१२ म्हणजे २०१२ सालचा पंधरावा आठवडा. दहा वर्षांपेक्षा जुना टायर, कितीही नवा दिसला तरी, बदलावा.

सुटे भाग कुठे मिळतात?

जिल्ह्याच्या ठिकाणी फिल्टर, बेल्ट, प्लग मिळून जातात. बाकीच्यासाठी मुंबईतलं कुर्ला, दिल्लीचं कश्मीरी गेट इथले बाजार आहेत. नांदेड-लातूरकरांना हैदराबादही जवळ पडतं. जुना भाग नमुना म्हणून सोबत न्यावा. एकाच नावाच्या गाडीतही वर्षागणिक भाग बदललेले असतात. पॉइंटचा कान असलेले जुने मिस्त्री आता थोडेच उरलेत. असा मिस्त्री सापडला तर घरातल्या एखाद्या तरुणाने शेजारी उभं राहून शिकून घ्यावं.

कागदपत्रांशिवाय रस्त्यावर नाही

खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण करावं लागतं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने २० वर्षांवरील मोटारीसाठी हे शुल्क १०,००० रुपये केलं. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना पर्यावरण कर वेगळा, उशीर झाला तर जादा शुल्क वेगळं. शिवाय विमा, पीयूसी आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते. दिल्ली परिसरात १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर जशी वयाची बंदी घातली गेली, तशी सरसकट बंदी महाराष्ट्रात नाही.

लातूरचा नंबर एमएच-२४, नांदेडचा एमएच-२६. पण लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये तयार झाला, त्याआधी तो उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता. त्यामुळे त्यापूर्वीच्या गाडीची नोंद आजच्या धाराशिवच्या दप्तरात असू शकते. जुनी नोंद ऑनलाइन दिसत नसेल, तर मूळ आरसी बुक दाखवून ती चढवून घ्यावी लागते. गाडी वारलेल्या व्यक्तीच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करावी लागते. हे काम इंजिन उघडण्यापूर्वीच तपासावं. कागद नसलेली चकचकीत गाडी अंगणातच राहते.

५० वर्षांपेक्षा जुनी आणि मोठे बदल न केलेली गाडी २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नवीन नोंदणीला २०,००० रुपये शुल्क असून ती दहा वर्षं चालते. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर काढता येते.

पहिली चक्कर

इंजिन पंधरा-वीस मिनिटं जागेवर चालवून गळती, ऑइलचा दिवा आणि पाण्याचं तापमान पाहावं. शेजारी वाळूची बादली असावी. मग आवारातच पहिल्या गिअरमध्ये चालवून ब्रेक पुन:पुन्हा दाबून पाहावा. कागद तयार झाले की पहिली चक्कर पाच किलोमीटरची, सकाळच्या गारव्यात. सुमारे पाचशे किलोमीटरनंतर ऑइल पुन्हा बदलावं, आतली घाण तेव्हाच बाहेर येते.

आणि गाडी चालू झाली की तिला पुन्हा शेडमध्ये विसरू नये. पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास रस्त्यावर फिरवली, तर ती टिकते. नुसती जागेवर चालू करून बंद केली, तर सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि गंज पुन्हा सुरू होतो.