दाविदला हरवणारा चित्रकार

उधळलेल्या घोड्यावरून आल्प्स ओलांडणारा नेपोलियन तुम्ही पाहिलाच असेल. ते चित्र झाक-लुई दाविदचं. आजची गोष्ट मात्र त्याला हरवणाऱ्याची आहे.

झोझेफ-बेनुआ सुवे, जन्म १७४३, गाव ब्रुज, आजच्या बेल्जियममधलं. तेव्हा पॅरिसमध्ये तरुण चित्रकारांसाठी एक मोठी स्पर्धा असायची. जिंकलात तर सरकारी खर्चाने काही वर्षं रोममध्ये शिक्षण. १७७१ चा विषय होता मार्स आणि मिनर्व्हाची लढाई. पहिला सुवे, दुसरा दाविद. दाविदला ते पचलं नाही. पुढच्या वर्षीही बक्षीस हुकलं तेव्हा त्याने चक्क अन्नपाणी सोडलं. शेवटी १७७४ ला जिंकला एकदाचा.

त्या काळी अकादमीत चित्रांचीही उतरंड होती. देव, ग्रीक-रोमन वीर वगैरे रंगवणारा सगळ्यात वर, माणसांचे चेहरे रंगवणारा त्याच्या खाली. सुवे वरच्या गटातला. १७९१ च्या त्याच्या एका चित्रात कॉरिंथची एक मुलगी भिंतीवर प्रियकराच्या सावलीची रेघ काढतेय. तो दूर निघालाय, म्हणून. चित्रकला अशीच सुरू झाली, अशी ती जुनी कथा. मला स्वतःला त्याच्या सगळ्या वीरपुरुषांपेक्षा ही मुलगी आवडते.

१७९२ मध्ये सुवे रोमच्या फ्रेंच अकादमीचा संचालक म्हणून निवडला गेला. पण क्रांतीनंतरच्या संसदेत आता दाविद बसला होता, आणि त्याच्या पाठिंब्याने ते पदच रद्द झालं. पुढे दाविद अटकेच्या हुकमांवर सह्या करणाऱ्या समितीत गेला. आणि १७९४ मध्ये सुवे पॅरिसच्या सें-लाझार तुरुंगात.

तिथे देवही नाहीत, वीरही नाहीत. समोर फक्त उद्याची खात्री नसलेले कैदी. सुवेने त्यांचेच चेहरे रंगवायला घेतले. त्यातला एक कवी आंद्रे शेनिए, वय ३१. गंमत बघा, याच शेनिएने तीन वर्षांपूर्वी दाविदच्या चित्रावर मोठी कविता लिहून ती त्यालाच अर्पण केली होती!

१७ जुलै १७९४ ला पोर्ट्रेट पूर्ण झालं. २५ जुलैला शेनिएचं डोकं गिलोटीनखाली गेलं. २७ ला रोबेस्पिएर पडला. फक्त दोन दिवस, मंडळी!

सुवे सुटला, आणि ऑगस्टमध्ये आत गेला दाविद. कोठडीत त्यानेही एक पोर्ट्रेट केलं, पण आरशात बघून स्वतःचं. ते आज लूव्रमध्ये आहे.

सुवे १८०१ मध्ये संचालक म्हणून अखेर रोमला पोचला. अकादमी त्याने व्हिला मेदिचीत हलवली, ती आजही तिथेच आहे. १८०७ मध्ये तो रोममध्येच वारला.