साथीचा कायदा आणि आपली आशाताई

गटाच्या बैठकीत आपण हप्ते आणि व्याज बोलतो. आज कायद्याचं बोलू. आशाताई किंवा नर्सबाई कामावर असताना कुणी त्यांना अडवलं, मारलं, तर त्यांच्या पाठीशी काय आहे?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. इंग्रज सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा केला. अवघ्या चार कलमांचा. हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा, आणि हुकूम राबवणाऱ्यावर सद्भावनेने केलेल्या कामाबद्दल खटला नाही. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले. लोक संतापले. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करत होत्या. त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. कायद्याने साहेबाला कोर्टापासून वाचवलं. सेवा करणाऱ्यावर हात उगारला तर काय, याबद्दल त्यात शब्दही नव्हता.

तो शब्द यायला १२३ वर्षं लागली. कोरोनात घरोघर फिरणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना ठिकठिकाणी शिवीगाळ झाली, मारहाण झाली. तेव्हा २२ एप्रिल २०२० रोजी वटहुकूम निघाला आणि सप्टेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. डॉक्टर, नर्स यांच्यासोबत गावपातळीवरचे आरोग्य कार्यकर्तेही त्यात आले. हल्ला केल्यास ३ महिने ते ५ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. गंभीर दुखापत केली तर कैद ७ वर्षांपर्यंत. गुन्हा अजामीनपात्र, तपास ३० दिवसांत.

पण हे संरक्षण साथीच्या काळापुरतं. एरवीसाठी महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे, त्यात ३ वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र त्याचा भर दवाखान्यावर. आपली आशाताई तर उन्हातान्हात वाडीवस्तीवर, परक्या उंबऱ्यावर उभी असते.

म्हणून आम्हाला वाटतं, तिथे तिची साक्षीदार आपणच. कुणी धक्काबुक्की केली तर लगेच ११२ ला फोन करायचा. तारीख, वेळ, कोण हजर होतं, ते लिहून ठेवायचं. पोलीस ठाण्यात तिला एकटीला पाठवायचं नाही, गटातल्या दोघींनी सोबत जायचं. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि गटाच्या वहीत तसा ठराव लिहा.