रबरी राक्षसांची कारागिरी

१९५४ सालच्या १ मार्चला बिकिनी प्रवाळद्वीपावर अमेरिकेने हायड्रोजन बाँबचा स्फोट घडवून आणला आणि निषिद्ध म्हणून जाहीर झालेल्या टापूच्या बाहेर मासेमारी करणाऱ्या एका जपानी नौकेवरील २३ खलाशांच्या अंगावर किरणोत्सारी राख पडली. त्याच वर्षीच्या ३ नोव्हेंबरला तोहो चित्रपट कंपनीचा ‘गोजिरा’ हा राक्षसपट प्रदर्शित झाला, तेव्हा आरंभीच समुद्रावर झगझगीत प्रकाश होऊन पेट घेणारे जहाज पाहताना प्रेक्षकांच्या मनात काय जागे झाले असेल, हे सांगावयास नको. दिग्दर्शक इशिरो होंडा हे तर युद्धानंतर चीनमधून स्वदेशी परतताना बेचिराख हिरोशिमा पाहून आलेले. ज्या राक्षसपटांना स्वस्तातले म्हणून हसण्याचा प्रघात पुढे पडला, त्यांचा हा मूळपुरुष असा शोकातून जन्मला.

ट्रिक फोटोग्राफीचे प्रमुख एइजी त्सुबुराया १९३३ सालचा ‘किंग काँग’ पाहून भारावले होते. लहानशी पुतळी तसूतसूने हलवून एकेक चौकट टिपण्याची त्यातील रीत त्यांना मनापासून हवी होती, परंतु तितकी मुदत मिळणे शक्य नव्हते, म्हणून रबरी कातड्यात माणूसच घालण्याची तजवीज झाली. सुमारे १०० किलो वजनाचे ते ओझे अंगावर घेऊन, दिव्यांच्या असह्य उष्णतेत, पंचविसाव्या हिश्श्याच्या मापाने बांधलेले टोकियो तुडवण्याचे काम हारुओ नाकाजिमा या नटाकडे आले, आणि या गृहस्थांनी त्यासाठी प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्तींच्या व अस्वलांच्या चालींचे निरीक्षण केले! कॅमेरा नेहमीहून अधिक वेगाने चालवल्यामुळे पडद्यावर त्या चालीला विलक्षण जडपणा आला. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी राळ लावलेला चामडी हातमोजा मोठ्या तंतुवाद्याच्या तारांवर घासून गोजिरा या राक्षसाला कंठ दिला. माझ्या मते या चित्रपटांची सारी मोहिनी येथेच आहे: राक्षसाचे खांदे जेव्हा खचतात, तेव्हा ते एका श्रमलेल्या माणसाचे खांदे असतात, आणि प्रेक्षकाला ते नकळत उमगते.

पुढे दूरचित्रवाणीने प्रेक्षक ओढून नेला, दाइएई कंपनीने १९६५ साली ‘गामेरा’ हे उडते कासव रिंगणात उतरवले, आणि दोन्हीकडे खर्चाला कात्री लागून जुन्या चित्रपटांतील झुंजींचे तुकडे नव्या चित्रपटांत जोडण्याची प्रथा रूढ झाली. समीक्षकांनी या काटकसरीची निर्भर्त्सना केली, ती पुष्कळ ठिकाणी रास्तही होती. परंतु १९६९ साली होंडा यांनीच दिग्दर्शित केलेल्या एका गोजिरापटाला मात्र तो न्याय लावता येत नाही. धुराड्यांच्या औद्योगिक वस्तीत राहणारा, आईबाप कामावर गेल्यामुळे घरी एकटाच पडणारा आणि दांडगट पोरांकडून छळला जाणारा इचिरो हा मुलगा स्वप्नात राक्षसांच्या बेटावर जातो, गोजिराचे पोर मिनिला याच्याशी सुखदुःखाच्या गोष्टी बोलतो, आणि त्या पोरालाही छळणारा एक दांडगा तेथे आहेच. जुने तुकडे येथे त्या मुलाची स्वप्ने होऊन येतात. चित्रपटांच्या राक्षसांवर जीव लावणाऱ्या एकाकी मुलाच्या स्वप्नात, त्याने पाहिलेल्या चित्रपटांखेरीज दुसरे काय येणार?