रंगांची मापे

परप्रांती नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाला गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचे काम केव्हा ना केव्हा अंगावर घ्यावेच लागते. २०२२ साली, स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली त्या वर्षी, ते माझ्या वाट्याला आले. मुखपृष्ठावर फडकता तिरंगा घालावा असे मंडळात ठरले. चित्र मी माझ्या संगणकावर सिद्ध केले, आणि त्यातील केशरी पट्टा मनाजोगता उतरला म्हणून समाधानाने मुद्रकाकडे धाडले. स्मरणिका छापून आली तेव्हा तो केशरी उन्हात विटलेल्या कापडासारखा दिसत होता. मी रागावून छापखान्यात गेलो. मुद्रकाने शांतपणे त्याच्या संगणकावर त्या रंगाचे तीन आकडे दाखविले. ते माझेच होते; एकानेही बदललेले नव्हते. आकडे तेच आणि रंग मात्र निराळा, हा काय प्रकार, या जिज्ञासेपायी थोडा इतिहास वाचला. तोच येथे मांडीत आहे.

प्रश्न वाटतो तितका नवा नाही. वजने व मापे प्रमाणित करणारा कायदा १९५६ साली झाला. तत्पूर्वी या देशात ‘दहा शेर’ एवढे म्हणून भागत नसे. शेर कुठला, हे विचारावे लागे. एकीकडे ऐंशी तोळ्यांचा शेर, तर दुसरीकडे त्याहून कितीतरी लहान. आकडा एकच, परंतु धान्य कमी-अधिक. रंगांच्या बाबतीतही नेमके हेच घडत आले आहे.

फार दिवसांपर्यंत रंगाला मापच नव्हते. होती ती केवळ जाणत्याची नजर. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेलेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्यात देवादिकांची चित्रे शिळाछापाने निघत. एकेका रंगासाठी वेगळा दगड, आणि एकावर एक असे अनेक रंग चढले म्हणजे लक्ष्मीची साडी सिद्ध होई. शाई घोटणाऱ्या कारागिराचा डोळा हेच तेथले प्रमाण. परंतु डोळा ही काही टपालाने धाडण्याची वस्तू नव्हे.

डोळ्याला आकड्यांत बसविण्याच्या खटपटीला तोवर आरंभ झाला होता. १८६१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी एका रंगीबेरंगी फितीची तीन छायाचित्रे, तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्यांतून घेतलेली, त्या त्या रंगाच्या प्रकाशाने एकाच पडद्यावर पाडून मूळ रंगांचा प्रत्यय दिला. तीन आकड्यांत रंग मावतो या कल्पनेला त्यामुळे दृश्य रूप मिळाले. पुढे इंग्लंडात डेव्हिड राइट यांनी दहा आणि जॉन गिल्ड यांनी सात निरीक्षकांना रंग जुळवावयास बसवून मोजमापे घेतली. या अवघ्या सतरा माणसांच्या दृष्टीवरून १९३१ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने एक ‘प्रमाण निरीक्षक’ कल्पिला. असा मनुष्य कोठेही जन्मलेला नाही. तथापि रंगांच्या व्यवहारात जगभर त्याचीच साक्ष ग्राह्य धरली जाते. कोणत्या प्रकाशात पाहावयाचे, तेही आयोगाने नेमून दिले. रंगाला मिळालेला हा पहिला सर्वमान्य शेर होय.

त्याचा उपयोग आपल्या देशाने फार मोलाच्या ठिकाणी केला. भारतीय मानक संस्थेचे (१९८७ पासून भारतीय मानक ब्यूरोचे) मानक क्रमांक १ हे लोखंडाचे नव्हे की सिमेंटचे नव्हे. ते राष्ट्रध्वजाचे आहे. १९५१ साली ते प्रसिद्ध झाले. पुढे दशमान पद्धती आली तेव्हा १९६४ साली, आणि पुन्हा १९६८ साली त्यात सुधारणा झाल्या. त्यातला केशरी ‘सूर्योदयासारखा’ असा वर्णिलेला नाही. आयोगाच्या पद्धतीनुसार त्याचे निर्देशांक ०.५३८ व ०.३६०, उजळपणा २१.५, आणि पाहावयाचा तो दिवसाच्या प्रकाशाशी जुळणाऱ्या नेमक्या प्रकाशात, असे त्याचे स्वरूप आहे. वर्णन रुक्ष खरे. परंतु या रुक्षपणामुळेच एका गावी रंगविलेली खादी दुसऱ्या गावच्या खादीशी ताडून पाहता येते.

संगणक आला आणि गेलेले शेर परत आले. प्रत्येक पडद्याचा तांबडा वेगळा, प्रत्येक छापयंत्राची शाई वेगळी. यावर तोड म्हणून १९९३ साली काही कंपन्यांनी मिळून आंतरराष्ट्रीय रंग संघ स्थापन केला. त्याने ‘प्रोफाइल’ची रीत घालून दिली. प्रोफाइल म्हणजे चित्राच्या आकड्यांसोबत जाणारी चिठ्ठी: हे आकडे अमुक शेराचे आहेत. १९९६ साली हेवलेट-पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट यांनी सामान्य पडद्यांसाठी ‘एसआरजीबी’ हे माप सुचविले. १९९८ साली फोटोशॉपच्या पाचव्या आवृत्तीत ॲडोबने एक अधिक विस्तृत माप दिले. त्याची जन्मकथा मोठी मौजेची आहे. चित्रवाणीच्या एका मानकाच्या कागदांतून आकडे घेताना अभियंत्यांनी भलतेच आकडे उचलले, आणि ते उतरवून घेतानाही एक चूक केली. चूक ध्यानात आली तोवर ते माप लोकांच्या पसंतीस उतरले होते. मग ते तसेच ठेवून त्याला ‘ॲडोब आरजीबी १९९८’ असे नाव देण्यात आले. माप सर्वांनी मानले की झाले. ते कोठून आले याची चौकशी बाजार करीत नाही.

आता माझ्या केशरीचा उलगडा होतो. चित्र मी या विस्तृत मापात सिद्ध केले होते आणि साठविताना चिठ्ठी जोडावयास विसरलो होतो. मुद्रकाच्या जुळणीच्या प्रणालीने आलेले आकडे एसआरजीबीचे समजून घेतले. मोठ्या शेराचे आकडे लहान शेराने मोजले गेले, आणि रंग फिका पडला. दोष मुद्रकाचा नव्हता. तो सर्वस्वी माझा होता.

उपाय मात्र सोपा आहे. छायाचित्र सुधारण्याची, आरेखनाची आणि पाने जुळविण्याची अशा सर्व प्रणालींत रंगांची मांडणी एकच ठेवावी, आलेल्या चित्राची चिठ्ठी जपावी, आणि आपले चित्र चिठ्ठीविना कोणाला देऊ नये. ॲडोबच्या प्रणालींत २००५ पासून ‘ब्रिज’मधून ही मांडणी सर्वत्र एकदम सारखी करता येते. छपाईच्या शाईचे प्रोफाइल कोणते, हे मात्र मुद्रकाला आधीच विचारून घ्यावे.

कार्यालयात आपण एखादे सहपत्र राहिले म्हणून कनिष्ठाला किती बोल लावतो! त्या वर्षी मी राष्ट्रध्वजाचे चित्र सहपत्राविना रवाना केले होते. मुद्रकाची क्षमा मागितली. त्याने चहा मागविला, आणि पुढच्या वर्षीच्या चित्रासाठी आपल्या यंत्राचे प्रोफाइल मला तेथल्या तेथे देऊन ठेवले.