वळिवडे : कोल्हापूर संस्थानातले पोलिश निर्वासित

आपल्या चळवळीत कोल्हापूरचे नाव निघते ते १९०२ च्या आरक्षणासाठी आणि १९२० च्या माणगाव परिषदेसाठी. या छोट्या संस्थानाच्या इतिहासातली आणखी एक गोष्ट तरुणांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूर शहराजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत संघाने आक्रमण केले. पूर्व भागातली लाखो माणसे १९४० पासून मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे नेली गेली. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा यातल्या अनेकांची सुटका झाली आणि पुढच्या वर्षी हजारो लोक पोलिश सैन्याबरोबर इराणमध्ये पोहोचले. पुरुष लढायला गेले. बायका, मुले, म्हातारी माणसे ठेवायची कुठे? कोणी पूर्व आफ्रिकेत गेले, कोणी न्यूझीलंडला, मेक्सिकोला, कोणी भारतात. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीत मुलांसाठी छावणी उघडली होती. वळिवडे ही त्याहून कितीतरी मोठी, कुटुंबांची वसाहत होती.

ही हकिगत हल्ली 'महाराजांचे औदार्य' म्हणून सांगितली जाते. आम्हाला ते अर्धवट वाटते. त्या वेळी छत्रपती अगदी लहान बालक होते. छावणीचा खर्च लंडनमधून चालणारे पोलिश सरकार करत होते आणि व्यवस्थेत ब्रिटिश भारत सरकार होते. मग कोल्हापूरचा वाटा काय? जागा आणि शेजार. वाटा लहान वाटेल, पण आजही निर्वासितांचा प्रश्न अडतो तो इथेच. पैसे देणारे देश सापडतात, जागा देणारे सापडत नाहीत. वळिवड्यात पोलिश भाषेच्या शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता, स्काऊटची पथके होती. माणसांना कोंडून न ठेवता समाज म्हणून जगू दिले गेले.

युद्ध संपल्यावर पोलंडमध्ये कम्युनिस्ट सत्ता आली, त्यामुळे अनेक जण मायदेशी न जाता ब्रिटन, ऑस्ट्रेलियाकडे गेले. रिकाम्या बराकींत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे वसली. कापडाच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध असलेले आजचे गांधीनगर ते हेच.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. वॉर्साहूनही कृतज्ञता व्यक्त होते. त्याच पोलंडने २०२२ मध्ये युक्रेनच्या लाखो लोकांना दारे उघडली, पण त्याआधी एकच वर्ष, २०२१ मध्ये, बेलारूसच्या सीमेवर इराकी आणि अफगाण माणसांना जंगलात मागे ढकलले होते.

आपणही वेगळे नाही. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. (लेबनॉननेही सही केलेली नाही, तरी लोकसंख्येच्या मानाने त्या चिमुकल्या देशाने जगात सर्वाधिक निर्वासित सामावले.) २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत बौद्धांचे नाव आहे म्हणून काही जण खूश झाले. पण ती सवलत पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानपुरती आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या नॉर्ग्येलिंग वसाहतीतले तिबेटी बौद्ध तिच्यात बसत नाहीत.

आम्ही कुर्ल्यात काम करतो. इथे बोलीवरून माणूस 'बांगलादेशी' ठरतो. २०२५ मध्ये मुंबई परिसरातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकलले गेले आणि मग ते भारतीयच निघाल्याने परत आणावे लागले. अशा वेळी कार्यकर्त्यांनी एक निकाल हाताशी ठेवावा : राष्ट्रीय मानवी हक्क आयोग विरुद्ध अरुणाचल प्रदेश राज्य, १९९६. खटला चकमा निर्वासितांचा होता, त्यातले बहुसंख्य बौद्ध. नागरिक नसलेल्या माणसालाही कलम २१ चे, म्हणजे जीविताचे आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्ट म्हटले आहे.